गुलाबी पडलेला सिनेमा

मी विशीत होते तेव्हा एका फिल्म सोसायटीत एक परदेशी सिनेमा पाहिला. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्या सिनेमाचा काही दोष नाही. अख्खा सिनेमा गुलाबी होता. आकाश गुलाबी. समुद्र गुलाबीकडे झुकलेला तपकिरी. किनाऱ्यावर दोरीला चादरी वाळत घालणारी एक बाई, तिच्या चादरीही गुलाबी. नुकत्याच भरलेल्या जखमेवरची कातडी जशी असते, तसला गुलाबी. तिचा नवरा आता परत येणार नाही हे आपल्याला कळलेलं असतं, तिला अजून कळलेलं नसतं, आणि ती चादरीची टोकं ताणून ताणून चिमटे लावत राहते. बाकी सिनेमातलं आज फारसं आठवत नाही. ती बाई आणि तो रंग तेवढा आठवतो. आणखी एक गोष्ट आठवते. सिनेमा संपल्यावर बाहेर आले तेव्हा जिन्यातला साधा पांढरा दिवा मला हिरवट दिसला होता.

घरी येऊन रात्री चार पानं लिहून काढली. दिग्दर्शकाने सगळ्या सिनेमावर गुलाबी छटा कशी पसरवलीय, आठवण जुनी झाली की तिच्यातले थंड रंग आधी कसे निघून जातात आणि ऊब तेवढी कशी मागे राहते, वगैरे वगैरे. लेख सोसायटीच्या छोट्याशा अंकासाठी दिला. अंक बघणाऱ्या काकांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "छान लिहिलंयस गं. पण ती प्रिंट गुलाबी पडलीय. सिनेमा तसा नाहीये."

कानशिलं तापली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. काकांनी मग शांतपणे समजावून सांगितलं. ईस्टमनकलर ही रंगीत फिल्म आली 1950 मध्ये. एकाच फिल्मवर रंगाचे तीन थर, सायन म्हणजे निळसर-हिरवा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी आणि पिवळा, आणि या तिघांच्या कमी-जास्त मिश्रणातून पडद्यावरचे सगळे रंग. स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून सगळ्या जगाने ते उचललं. पण त्या काळच्या प्रिंटमधला सायन रंग कच्चा. डब्यात बंद करून ठेवली तरी प्रिंट वर्षागणिक निळाई सोडत जाते, पिवळाही हळूहळू उतरतो आणि मॅजेंटा तेवढा चिवटपणे टिकून राहतो. म्हणून 60-70 च्या दशकातल्या कितीतरी प्रिंट आज डबा उघडल्यावर गुलाबी निघतात. त्याआधीच्या टेक्निकलरच्या प्रिंटमध्ये रंग वेगळ्या पद्धतीने, छापखान्यात एकावर एक ठसे उमटवावेत तसे चढवत. ते पक्के. त्यातला लाल अजूनही काल रंगवल्यासारखा दिसतो. 1980 च्या सुमाराला दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने या उतरणाऱ्या रंगांविरुद्ध मोहीमच उघडली होती, तेव्हा कुठे टिकाऊ रंगांकडे नीट लक्ष गेलं.

थोडक्यात, थंड रंग आधी निघून जातात हे माझं वाक्य अक्षरशः खरं होतं. मी ते आठवणीबद्दल लिहिलं होतं आणि ते लागू होतं रसायनाला, एवढाच काय तो घोळ. लेख मी परत घेतला. पण खुर्चीत आक्रसून बसले होते ते तर खोटं नव्हतं ना? ज्या रंगाने माझा घसा दाटला तो रंग कोणीच योजलेला नव्हता. मग मला जे जाणवलं ते आलं कुठून? तेव्हापासून सिनेमा बघताना माझं अर्धं लक्ष गोष्टीकडे असतं आणि अर्धं, उजेड कुठून येतोय याकडे. सोबत सिनेमा बघणाऱ्यांना हा त्रास होतो, मान्य आहे.

एक गंमत करून बघा. घरातले सगळे दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभे राहा. आधी तो हनुवटीखाली धरा. लहानपणी भुताचा खेळ म्हणून हे प्रत्येकाने केलेलं असतं, पण भूत का दिसतं, हा विचार तेव्हा कोणी करत नाही. जन्मापासून आपण चेहरे पाहिलेत ते वरून येणाऱ्या उजेडात. सूर्य वर, दिवा वर, नाकाची सावली खाली. टॉर्च खाली गेला की नाकाची सावली वर पळते, भुवयांच्या सावल्या कपाळावर चढतात आणि रोज दात घासताना दिसणारा चेहरा परका होतो. आता टॉर्च कानाच्या रेषेत न्या. अर्धा चेहरा गेला. तिथून सावकाश पुढे आणि किंचित वर आणा. एका क्षणी अंधाऱ्या गालावर, डोळ्याच्या बरोबर खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटेल. रेम्ब्रांटच्या चित्रांत तो सारखा भेटतो म्हणून कॅमेरावाले त्याला रेम्ब्रांटचंच नाव देतात. हा त्रिकोण पडला की अगदी सामान्य चेहराही काहीतरी भोगून आल्यासारखा दिसतो. माझाही दिसला.

शेवटी टॉर्च सरळ डोक्यावर धरा. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या उरतील. 1972 च्या 'द गॉडफादर'मध्ये छायालेखक गॉर्डन विलिसने मार्लन ब्रँडोवर असाच वरून उजेड टाकला होता. एक कारण निव्वळ व्यवहाराचं होतं: ब्रँडोला म्हातारा दाखवण्यासाठी केलेला मेकअप वरच्या उजेडात चांगला खपून जात होता. पण परिणाम बघा. समोर बसलेला माणूस गाऱ्हाणं सांगतोय, आणि ज्याला सांगतोय त्याचे डोळेच दिसत नाहीत. डोळे दिसले नाहीत की मनात काय चाललंय त्याचा अंदाज लागत नाही, आणि अंदाज लागत नाही अशा माणसाला आपण जरा वचकूनच असतो. चेहऱ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अंधारात ठेवायची हे त्या काळी स्टुडिओवाल्यांना अजिबात रुचलं नव्हतं. पैसे मोजून आणलेला नट नीट दिसायला नको? विलिसला पुढे सिनेमाच्या दुनियेत 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' हे नाव पडलं.

याच्या अगदी उलट टोकाला एक छोटासा दिवा आहे. मर्ल ओबेरॉन या नटीच्या चेहऱ्यावर मोटार अपघातातले व्रण होते. 1944 च्या 'द लॉजर'च्या वेळी ल्युसियन बॅलार्ड या छायालेखकाने कॅमेऱ्याच्या भिंगाला जवळजवळ चिकटूनच एक दिवा बसवला. उजेड सरळ समोरून आला की व्रणांना सावलीच पडत नाही, आणि सावली नाही म्हणजे व्रण नाहीत. शिवाय त्या दिव्याचा ठिपका बुबुळात चमकतो आणि डोळे जिवंत होतात. तो दिवा तिच्या नावावरून आजही 'ओबी' म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. ते दिव्यामुळे झालं असं माझं म्हणणं नाही.

हे सगळं मी पुस्तकी शिकले होते. प्रत्यक्षात काय असतं ते एका मैत्रिणीच्या लघुपटाच्या सेटवर दोन दिवस लुडबुड केली तेव्हा कळलं. प्रसंग साधा होता. खिडकीशी उभी असलेली बाई पत्र वाचते आणि घडी करून ठेवते. खिडकीबाहेर एक मोठा दिवा, त्यापुढे चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड. खिडकीकडचा गाल उजळलेला, दुसरा काळोखात. त्या काळोख्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, एक लाइटदादा थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभे होते. कॅमेरामन म्हणाला, "दादा, एक फूट आत या." दादा सरकले. बाईने काही केलं नाही, पापणीही हलवली नाही, आणि तिचा चेहरा बदलला. मघाशी ती संतापलेली वाटत होती, आता नुसतीच दमलेली वाटायला लागली. "अजून अर्धा फूट." आता ती क्षमा करायला निघाल्यासारखी दिसत होती. खिडकीतून तक्त्यावर येऊन उलटलेला तो उरलासुरला उजेड, पण अंतर निम्मं केलं की उजेड दुपटीहूनही वाढतो, दिवा लहान असेल तर चौपट. दीड फुटात एका बाईच्या मनातलं सगळं फिरलं. मी पुढे सरकून बघायला लागले तशी दादांनी मान वळवली. "ताई, जरा मागे व्हा. तुमच्या कुर्त्याचा लाल मारतोय तिच्या गालावर."

मी खाली बघितलं. कुर्ता लाल होता खरा. तो माझ्या नकळत तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसला होता, आणि कोणी हटकलं नसतं तर एखाद्या माझ्यासारखीने त्यावर चार पानं लिहिली असती.

कॅमेरामनने थोडा वेळ मॉनिटरकडे बघितलं आणि म्हणाला, "तक्ता काढाच." म्हणजे परत संतापलेली. पण आता तिचा दमलेला चेहरा आणि क्षमा करणारा चेहराही आम्ही पाहून ठेवला होता, आणि ते दोन्ही नाकारून तो काळोख निवडला होता. प्रेक्षकाला यातलं काही कळणार नसतं. त्याला फक्त एवढंच वाटणार: या बाईशी आत्ता बोलायला जाऊ नये.

कापड ताणून आणि पांढऱ्या पृष्ठभागावर उजेड आपटवून तो मऊ करायचा, या प्रकाराशी छायालेखक सुब्रत मित्रांचं नाव जोडलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ते 21 वर्षांचे होते आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेलाही नव्हता. 1956 च्या 'अपराजितो'साठी बनारसमधल्या घराचं अंगण स्टुडिओत उभारायचं ठरलं. सुब्रत मित्र अडून बसले. अशा अंगणात उजेड वरच्या आकाशातून येतो, त्याला एक दिशा नसते, सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. स्टुडिओचे दिवे लावले की प्रत्येक खांबाच्या चार सावल्या पडणार. सेट तर बांधला गेलाच. मग त्यांनी अंगणावर पांढरं कापड ताणून खोटं आकाश केलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड कापडाला लागून खाली झिरपला. बघणाऱ्याला ते खरंखुरं घर वाटलं. आज जगभर हे इतकं सर्रास चालतं की त्याचं कौतुकही कोणी करत नाही. गणित सोपं आहे. उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही, समोरच्या वस्तूच्या मानाने तो केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला दिसतो अर्ध्या अंशाएवढा, म्हणून दुपारच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या. ढग आले की आख्खं आकाशच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात.

व्ही. के. मूर्तींची गोष्ट मला याहून जवळची. 1959 च्या 'कागज के फूल'मधल्या 'वक्त ने किया' या गाण्यात, मोठ्या रिकाम्या स्टुडिओत वरून तिरपा उतरणारा तो उजेडाचा झोत. कृत्रिम दिव्यांतून तसा एकसंध झोत मिळेना, म्हणून मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशावर घेतलं, ते आत दुसऱ्या आरशावर फेकलं आणि तिथून खाली सोडलं. हवेत धूर होता म्हणून झोत दिसला. उजेड स्वतः कधी दिसत नाही, कशावर तरी आपटला तरच दिसतो, आणि म्हणून रिकामी हवा दाखवायची तर तिच्यात आधी काहीतरी भरावं लागतं. दोन माणसांमधलं अंतर त्या गाण्यात जे जाणवतं ते त्या धुरामुळे. सिनेमा पडला. मूर्तींना कितीतरी वर्षांनी 2008 सालचा फाळके पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले छायालेखक.

मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेल्या 'बॅरी लिंडन'बद्दल सगळेच सांगतात, त्यामुळे मी थोडक्यात आटोपते. 1975 चा सिनेमा, आणि चंद्राची छायाचित्रं काढण्यासाठी नासाकरता बनवलेली 0.7 ॲपर्चरची, म्हणजे अगदी अंधुक उजेडावरही भागवणारी, झाइसची भिंगं. ती उघडी ठेवून चित्रित करायचं म्हणजे नट जरा पुढे वाकला की धूसर. म्हणून त्या प्रसंगांत सगळे कसे ताठ, चित्रातल्यासारखे बसलेत. आपण म्हणतो, काय तो 18 व्या शतकातल्या उमरावांचा रुबाब! त्यात निम्मा रुबाब भिंगाचा आहे.

आता रात्रीकडे वळू. सिनेमातली रात्र निळी असते, हे आपण इतकं मान्य करून टाकलंय की खरा चांदण्यातला निळा कधी शोधतही नाही. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, आणि चंद्राची माती थोडी तांबूस बाजूला झुकणारी, त्यामुळे मोजायला गेलं तर चांदणं उन्हापेक्षा किंचित पिवळंच भरतं. निळं दिसतं ते डोळ्याला. यान पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाला 1819 च्या सुमाराला फुलं बघताना हे लक्षात आलं: दिवसा भडक दिसणारं लाल फूल पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतं आणि हिरवी पानं त्याच्यापुढे उजळ. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि अंधारात काम करणाऱ्या पुढे येतात, त्यांना निळसर-हिरवा भाग जास्त दिसतो, लाल जवळजवळ नाहीच. आणि पौर्णिमेचा चंद्रही सूर्याच्या चार लाखांश इतकाच उजेड देतो. म्हणजे सिनेमातला निळा हा चंद्राबाबत खोटा आणि आपल्या डोळ्याबाबत खरा.

मूकपटांच्या काळात हा सौदा उघड होता. तेव्हाच्या फिल्मवर रात्री चित्रीकरण करणं जवळजवळ अशक्य, म्हणून भर उन्हात चित्रित करायचं आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवायची. दिव्यातला प्रसंग असेल तर पिवळसर, आग लागली तर लाल. 1922 चा 'नोस्फेराटू' असाच बनला. त्यातल्या पिशाचाला ऊन लागलं की ते संपतं, सगळी गोष्टच त्यावर उभी. पण पुढे कित्येक दशकं या सिनेमाच्या न रंगवलेल्या, नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रिंट फिरत राहिल्या. त्यांत ते पिशाच बगलेत स्वतःची शवपेटी घेऊन भर दुपारी, टळटळीत उन्हात गावातून चालताना दिसतं. पिढ्यान् पिढ्यांनी ते पाहिलं, काहींना ते जास्तच भयानक वाटलं म्हणे. गेलेल्या रंगावर अर्थ बसवणारी मी एकटी नाही, या विचाराने मला फार बरं वाटलं होतं.

आता मला ज्याचा राग येतो ते. लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे वेड, हिरवा म्हणजे मत्सर. असे तक्ते सगळीकडे फिरत असतात आणि नवशिकी मुलं ते पाठ करून सिनेमे बनवतात. रंगाला असा शब्दकोश नसतो. असता तर लाल दिव्याखाली थांबलेला प्रत्येक स्कूटरवाला कासावीस झाला असता. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले ते माणकासारखे लाल बूट घ्या. मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत. 1939 मध्ये टेक्निकलर हे मोठं आकर्षण होतं, पिवळ्या रस्त्यावर चांदी काय उठून दिसणार, म्हणून लाल. त्या लालचा अर्थ काय यावर पुढे ढीगभर लिहिलं गेलं. आणि तो अर्थ आहेही! पण तो येतो सिनेमाच्या सुरुवातीच्या त्या वीसेक मिनिटांतून, जिथे सगळं मातकट तपकिरी आहे. मुलगी दार उघडते आणि पलीकडे रंग असतात. तो क्षण चित्रित करायला दाराच्या अलीकडची खोली खरोखरच तपकिरी रंगवली होती, आणि दार उघडणारी पाठमोरी मुलगी ही तपकिरी कपड्यांतली बदली होती. ती बाजूला होते आणि निळ्या कपड्यातली खरी नटी पुढे येते. रंगीत फिल्मवर बेरंग खोली रंगवून काढण्याची ही युक्ती मला बुटांपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

'मुघल-ए-आझम'चंही तेच. 2004 मध्ये तो सिनेमा पूर्ण रंगीत करून आणला, लोकांनी आवडीने पाहिला, आणि माझ्या मते त्याचं नुकसान झालं. मूळच्या 1960 च्या सिनेमात बराच वेळ काळ्या-पांढऱ्यात गेल्यावर शीशमहाल रंगात उघडतो. एक मुलगी बादशहाच्या तोंडावर सांगते की प्रेम केलंय, आणि तिच्या त्या धिटाईबरोबर पडद्यालाही धीर आल्यासारखा रंग येतो. आधीपासूनच सगळं रंगीत असलं तर शीशमहाल म्हणजे एक सुंदर सेट, बस्स.

डोळ्याचा स्वभावच असा आहे. पिवळ्या दिव्याच्या खोलीत पाच मिनिटं बसलं की कागद पांढरा दिसायला लागतो. छायालेखक उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये, म्हणजे तापमानाच्या एककात, मोजतात: मेणबत्ती 1900 च्या आसपास, स्टुडिओचा जुना बल्ब 3200, दिवसाचा उजेड 5600. आकडा वाढेल तसा रंग निळा होतो. लोखंड तापवताना तेच दिसतं, आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे ज्याला आपण 'उबदार' रंग म्हणतो तो मोजमापात थंड निघतो. डोळ्याला या आकड्यांशी घेणंदेणं नाही. समोर जो काही उजेड असेल त्याला तो थोड्याच वेळात पांढरा मानून टाकतो आणि फक्त बदल तेवढा टिपतो. म्हणून अख्खा सिनेमा एकाच रंगात बुडवला तर दहा मिनिटांत तो रंग प्रेक्षकापुरता संपतो. माझा जिन्यातला हिरवा दिवा आठवतोय? दोन तास गुलाबीला पांढरं मानून बसलेल्या डोळ्यांना खरा पांढरा हिरवा दिसला होता.

म्हणूनच हल्लीच्या रंगकामाबद्दल माझी तक्रार आहे. 2000 च्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'मध्ये छायालेखक रॉजर डीकिन्सने हिरवागार उन्हाळा संगणकावर वाळक्या पिवळ्या रंगाचा केला. अख्खा सिनेमा असा संगणकातून काढण्याचा तो अगदी सुरुवातीचा मोठा प्रयोग, आणि तिथे ते शोभलं, कारण गोष्टच दुष्काळी दिवसांतल्या दंतकथेसारखी होती. त्यानंतर मात्र बटणं सगळ्यांच्या हाती आली. माणसाची त्वचा, कुठल्याही वर्णाची असो, नारिंगीच्या पट्ट्यात मोडते. तिच्या समोरासमोरचा रंग निळसर-हिरवा. मागची भिंत त्या रंगात ढकलली की चेहरा उठून येतो. युक्ती म्हणून ठीक, पण भुताचा सिनेमा, प्रेमाचा सिनेमा आणि बुडणाऱ्या जहाजाचा सिनेमा एकाच रंगात दिसायला लागला की कंटाळा येतो. आणि त्याच वर्षीच्या 'ट्रॅफिक'मध्ये मेक्सिको म्हटलं की तंबाखूसारखं पिवळं आणि वॉशिंग्टन म्हटलं की निळं. गोष्ट तीन ठिकाणी फिरते, प्रेक्षक चुकू नये म्हणून केलेली सोय. पण पुढच्यांनी ती सोय उचलली आणि गरीब, गरम देश म्हणजे पिवळा हे जणू ठरूनच गेलं. आपल्याकडचे रस्तेही परदेशी सिनेमात कावीळ झाल्यासारखे दिसतात ते त्यामुळे.

कातडीच्या रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगते. शाळेच्या गटफोटोत मी नेहमी दोन डोळे आणि दातांची एक ओळ एवढीच असायचे. मला वाटायचं मी काळी आहे म्हणून तसं होतं. खूप नंतर कळलं की फिल्मचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक ही फिल्म बनवणारी कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची, त्यावर गोरी बाई, आणि पहिल्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. ती बाई नीट आली की रंग बरोबर. कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांनी पुढे सांगितलंय की गडद छटांबद्दलच्या ज्या तक्रारींकडे लक्ष गेलं त्या होत्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या. माझ्यासारख्यांच्या आधी कपाटांची सोय झाली. सावळ्या चेहऱ्याला खरं तर जास्त उजेड लागतो असंही नाही. मोठा, मऊ उजेड बाजूने आला आणि त्याचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर एखाद्या रेघेसारखं उमटलं की तो चेहरा जितका देखणा दिसतो तितका भरमसाट दिवे ओतून कधीच दिसत नाही.

आईला यातलं काही पटत नाही. तिचं मत: सिनेमा दिसला पाहिजे. टीव्ही घेतला तेव्हा तो दुकानात लावतात त्या भडक, निळसर मोडवर होता आणि तिला तो तसाच आवडतो. मी ती नसताना सेटिंग बदलते, ती मी नसताना परत करते. 2019 मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा तो रात्रीच्या लढाईचा गाजलेला भाग मी लावला होता. ती पाच मिनिटं डोळे बारीक करून बसली आणि म्हणाली, "अगं, यांना कोणीतरी दिवा द्या. आपलीच माणसं मारतील." जगभर लोकांनी हीच तक्रार केली, आणि छायालेखकाचं म्हणणं पडलं की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही. मी तेव्हा त्याच्या बाजूने तावातावाने बोलले होते. आता वाटतं, आईचंही चुकत नव्हतं. अंधार दाखवायचा तर अंधारात काहीतरी दिसावं लागतं.

मागच्या वर्षी माझा तो गुलाबी सिनेमा दुरुस्त होऊन आला. मूळ निगेटिव्हवरून, फ्रेम न् फ्रेम साफ करून. मी घरीच, दिवे मालवून, मोड बदलून बघायला बसले. समुद्र निळा होता. थंडगार, पोटात गोळा आणणारा निळा. बाईच्या डोक्याला हिरवा रुमाल होता हे मला माहीतच नव्हतं. चादरी पांढऱ्या शुभ्र. आणि त्या पांढऱ्या चादरींच्या मध्ये, शेवटून दुसरा, एक फिकट निळा पुरुषी शर्ट लटकत होता. ती नवऱ्याचा शर्ट धुऊन वाळत घालत होती. माझ्या प्रिंटमध्ये निळा उरलाच नव्हता, त्यामुळे शर्टही चादरींसारखाच एक गुलाबी ढिगारा झाला होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. सगळा प्रसंग त्या शर्टासाठी रचलेला होता.

मी तो प्रसंग तीनदा पाहिला. सुंदर होता, पण माझा नव्हता. मग मी रिमोट घेतला, सेटिंगमध्ये शिरले आणि रंगाची पट्टी मॅजेंटाकडे ढकलत गेले. समुद्र तपकिरी झाला. शर्ट चादरींत मिसळला. निळा शेवटपर्यंत पुरता जाईना, पण बराचसा गेला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आत चालली होती. दारातच थांबली.

"टीव्ही बिघडला का गं?"

"नाही. बघतेय जरा."

ती सोफ्याच्या हातावर टेकली. बाई चिमटे लावत होती. आई बराच वेळ काही बोलली नाही, रिमोटही मागितला नाही.

"कोणाची वाट बघतेय का ती?" तिने विचारलं.